कॉलेज घरी आलं

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि दाभण अजून सरळ धरता येत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते हात थकल्यामुळं झालं असं कुणी समजू नये. हात थकले नव्हते. तोंड थकलं असतं तर बरं झालं असतं.

माझा धंदा जिल्दसाजीचा, म्हणजे पुस्तकं बांधायचा. आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर दुकान. शिक्षण चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण गुरुजींनी नसलेल्या चुकीसाठी कान धरला. मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, तो परत गेलो नाही. बापानं मारलं, मायनं समजावलं, पण गेलो नाही. मग मला हिंगोलीला एका उस्तादाकडं ठेवलं. उस्ताद मुसलमान, त्यांच्या आज्यापासून कचेऱ्यांची दफ्तरं बांधणारं घर. त्यांनी खळ शिजवायला शिकवली, खळीला वाळवी लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचं ते शिकवलं, आणि उर्दूची दहापाच अक्षरं शिकवली, पुस्तक कोणत्या बाजूनं उघडायचं एवढं कळावं म्हणून. त्यांचा एक नेम होता. जुनं पुस्तक उसवायला घेतलं की आधी सुईत नवा दोरा ओवून समोर ठेवायचा. ते दखनीत म्हणायचे. मराठीत सांगायचं तर, उसवायला अक्कल लागत नाही, ज्याची शिवायची तयारी हाय त्यानंच उसवावं.

पुस्तक कसं शिवतात ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. फर्म्याच्या बरोबर मधोमध दोरा जातो. म्हणजे शिवताना माझ्यासमोर प्रत्येक फर्म्याची मधली दोन पानं उघडी असायची. ती मी वाचायचो. पन्नास वर्षं अशी मधली पानं वाचली. शिवाजी महाराजांच्या इतिहासाची वाचली, शेतकीच्या पुस्तकांची वाचली, मानसशास्त्राची वाचली. कोणतंच पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं नाही, पण असं पुस्तक दाखवा ज्याचं मधलं मला माहीत नाही. ज्या कॉलेजची पुस्तकं मी बांधायचो तिथं प्राध्यापक आले आणि बदलून गेले. त्यांच्यापैकी एकाच्याही हाताखालून माझ्याइतकी पुस्तकं गेली नसतील. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो. ते हसायचे. मी हसायचो नाही.

कॉलेज कोणतं ते लिहीत नाही. आमच्याच भागातलं, आमच्या एसटीच्या रस्त्यावरचं. नाव लिहून काय व्हायचं आता.

त्या कॉलेजात माझी नात शिकत होती. पोराची थोरली. बी.ए.चं दुसरं वर्ष, विषय इतिहास. आमचं गाव डोंगरकड्याकडं, केळीच्या मळ्यात. सकाळी नऊच्या एसटीनं आम्ही दोघं निघायचो, ती कॉलेजच्या फाट्यावर उतरायची, मी पुढं बाळापूरला जायचो. संध्याकाळी मी पाचला दुकान बंद करून येताना तिला फाट्यावर घ्यायचो. तिचे तास एक वाजता संपायचे. एक ते पाच ती लायब्ररीत बसायची. तिथं मॅडम होत्या, कडक. मुलींच्या टेबलाकडं पोरांना फिरकू द्यायच्या नाहीत. सूनबाईनं पोरीला कॉलेजला पाठवलं ते या मॅडमच्या आणि माझ्या भरवशावर. मी घरात शब्द दिला होता, मी नेतो, मी आणतो.

पोरीला एम.ए. करायचं होतं. मग ती प्राध्यापक व्हायची कसली तरी परीक्षा असते ती द्यायची, आणि कॉलेजात उभं राहून शिकवायचं. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, एसटीत, खिडकीकडं तोंड करून, जसं काही बाहेरच्या केळींना सांगून राहिली. मी म्हणालो, "कर की." बस, एवढंच बोलणं. पण त्या दिवसापासून ती एसटीत माझ्याशेजारी बसली की मला वाटायचं, मी कुणा मोठ्या माणसाला पोचवून राहिलो.

दसऱ्याच्या आधी कॉलेजातून माझ्या दुकानासमोर गाडी आली. पांढरी, काचा वर केलेली. आतून लायब्ररीचा क्लार्क उतरला, म्हणाला, "मामा, प्राचार्य साहेबांनी बोलावलंय. बसा."

चार-पाच वर्षांत कॉलेजचं एक पुस्तक माझ्याकडं आलं नव्हतं. आता गाडी. शेजारचा चपलांचा दुकानदार बघत होता. मी मुद्दाम सावकाश बसलो.

प्राचार्यांनी चहा मागवला. बशीत बिस्किटं. म्हणाले, तपासणीची कमिटी येणार, लायब्ररी डिजिटल दिसली पाहिजे. सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर घ्यायची.

"तर मामा, पुस्तकं सुटी करून पाहिजेत."

"सुटी म्हंजे?"

"पानं मोकळी. मशीनमधून एकेक पान सरकतं आणि फोटो निघतो. बांधलेलं पुस्तक मशीन घेत नाही. तुमच्याकडं कटिंग मशीन आहे ना, पाठ कापून टाका. एका दिवसात शंभर होतील."

"कापलेलं पुस्तक परत शिवता येत न्हाई सर. घडीच राहत न्हाई, दोरा कशात घालायचा? मी उसवून देतो, हातानं. अन फोटो निघाले की शिवून बी मीच देणार. ही बोली असल तर बोला."

"नक्की. का नाही?"

"सगळी शिवायची."

"सगळी, मामा. तुमच्याशिवाय हे काम दुसऱ्या कुणाला जमणार?"

ते शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. माझ्यासारख्या माणसाला त्याच वाक्यानं बांधता येतं. मी शिवायचा होकार त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला, पण कागदावर घेतला नाही. वाटलं, एवढा शिकलेला माणूस हाय.

लायब्ररीच्या व्हरांड्यात पोतं अंथरून मी बसलो. दोन महिने. पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवून समोर ठेवला. दुसऱ्या दिवशी पण ठेवला. आठ-दहा दिवसांनी ती सुई पिशवीतच राहायला लागली. सुई बाहेर ठेवून तरी काय, शिवायला तर महिनाभरानं बसायचं होतं, असं मी मनाला सांगितलं. उसवलेलं पुस्तक सुतळीनं बांधायचं आणि वर चिठ्ठी लावायची, की हे अमुक पुस्तक, एवढे फर्मे. चिठ्ठ्या नात लिहायची. तिचं अक्षर छापल्यासारखं. एकची घंटा झाली की ती आत पुस्तक वाचायच्या ऐवजी बाहेर माझ्याजवळ येऊन बसायची.

तिच्या वर्गातली एक पोरगी जाता जाता म्हणाली, "काय गं, तुझे आबा पुस्तकं फाडून राहिले का?"

"फाडून न्हाई. उसवून राहिले," नात म्हणाली.

"एकच की."

"एकच असल तर तू तुझा ड्रेस उसव बरं."

पोरगी पळाली. मी हसलो. मग नातीनं एक पुस्तक हातात घेतलं. तिच्याच अभ्यासाचं होतं, मराठवाड्याच्या इतिहासाचं, मीच कधीतरी हिरव्या कापडात बांधलेलं. म्हणाली, "आबा, हे आधी शिवाल नं? मला परीक्षेला लागतं."

"सगळ्यात आधी हेच शिवतो."

मी ते शिवलं नाही. पुढं सांगतोच.

आता तोंडाचं. त्या दिवसांत माझ्या अंगात वारं भरलं होतं. पन्नास वर्षं पुस्तकं बांधली त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. आता फोनात पुस्तकं जाणार म्हटल्यावर सगळे ऐकायला लागले. पारावर सांगितलं, दुकानात सांगितलं, घरात तर रोज सांगितलं. एका संध्याकाळी जेवायला बसलो होतो. पोराची टेंपोची फेरी लवकर झाली होती, तोही होता. सूनबाई भाकरी टाकत होती.

मी म्हणालो, "पुढच्या साली कॉलेजातलं एकूणएक पुस्तक फोनवर दिसणार. घरबसल्या. ते काम कुणाच्या हातून झालं? या माझ्या हातून."

पोरगा म्हणाला, "दादा, घरबसल्या म्हंजे इथं बी दिसल?"

"इथं काय अन दिल्लीत काय. बटन दाबलं की पुस्तक."

"अन शिकवतात ते?"

"ते बी फोनवरच येऊन राहिलं. लॉकडाऊनमध्ये केलं तसंच आता कायमचं. सर तिकडून बोलतात, पोरं इकडून ऐकतात."

सूनबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग मामंजी, सगळं घरातच येणार म्हणल्यावर पोरीनं एसटीचे धक्के काहून खायचे?"

आणि मी म्हणालो, "बराबर हाय."

हे दोन शब्द मी बोललो. कुणी माझ्याकडून वदवून घेतले नाहीत. मला वाटलं सूनबाई माझ्या कामाची तारीफ करून राहिली. नात चुलीशेजारी बसली होती, तिच्या हातातला घास तिनं परत ताटात ठेवला. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. मी पुढं मशीन कसं असतं ते सांगत बसलो.

डिसेंबरात कमिटी येऊन गेली. कॉलेजच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला, त्यावर फोन हातात घेतलेली एक हसणारी मुलगी आणि खाली लिहिलेलं, शिक्षण आता तुमच्या घरी. वाचनाच्या खोलीतली लांब टेबलं गेली, कॉम्प्युटर आले, त्यांच्यावर प्लास्टिकच्या टोप्या. खोलीला कुलूप, चावी क्लार्ककडं. पुस्तकांचे गठ्ठे मागच्या कोठीत रचले. मी शिवायला कधी बसू म्हणून क्लार्कला विचारायला जायचो.

"मंजुरी येऊ द्या, मामा."

दर पंधरा दिवसांनी जायचो, तेच. मॅडमना दुसऱ्या टेबलावर बसवलं होतं, प्रवेशाचे फॉर्म तपासायला. त्या मला बघून मान खाली घालायच्या. कडक बाई, पण त्यांनाही काही करता येत नव्हतं.

जूनपासून नातीचं जाणं बंद झालं. बंद केलं असं कुणी म्हटलं नाही. तास फोनवर, हजेरी फोनवर, पुस्तकं फोनवर. मग कशाला जायचं, एवढंच. पोरानं तिच्यासाठी एक जुना फोन आणला. त्याची काच कोपऱ्यात तडकलेली. पास संपला, तो नवा काढला नाही. नऊच्या एसटीत मी एकटा बसायला लागलो. कंडक्टर नातीला मॅडम म्हणायचा. त्यानं दोन-तीन दिवस विचारलं, "बाबा, आज मॅडम न्हाईत?" मग त्यानंही विचारणं सोडलं.

घरी काय व्हायचं ते मी रविवारी बघायचो, त्या दिवशी दुकान बंद आणि तिचे जादा तास फोनवर असायचे. आमच्या घरात फोनला रेंज येत नाही, फक्त गोठ्याच्या पत्र्याजवळ येते. ती तिथं पाट टाकून बसायची. सर बोलायचे, मधेच तोंड उघडं ठेवून थांबायचे, मग तीन वाक्यं पुढं गेलेले असायचे. पुस्तक उघडायला आधी नंबर टाकायचा, मग शब्द टाकायचा, मग गोल फिरायचं. गोल फिरून फिरून पुस्तक यायचं तर पान आडवं, नाहीतर कडेच्या ओळी तुटलेल्या. मी घडी सांभाळून उसवलं होतं, मार्जिन पुरं होतं. फोटो काढणाऱ्यानं कागद वाकडा सरकवला. एकदा मी तिला म्हटलं, ते उर्दूचं जाड पुस्तक दाखव, लाल कातड्याचं, उस्तादांनी शिवलेलं आणि मी व्हरांड्यात उसवलेलं. तिनं काढलं. पहिल्याच पानावर उर्दूत 'खत्म', म्हणजे समाप्त, होतं. फोटोवाल्यानं डावीकडून सुरुवात केली होती. सगळं पुस्तक शेवटापासून मागं. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन सांगितलं. क्लार्क म्हणाला, "मामा, ते वाचतं कोण?"

पण पानांची तक्रार खरी तक्रार नव्हती. खरी गोष्ट मला उशिरा कळली. पुस्तक उघडं ठेवून बसलेल्या पोरीला आई हाक मारताना जरा थांबते. फोन घेऊन बसलेल्या पोरीला थांबत नाही. पुस्तक दिसतं, फोनात अभ्यास हाय का आणखी काही, ते बाहेरून दिसत नाही. सर बोलत असायचे आणि सूनबाई म्हणायची, "ते ठेव अन आधी शेण काढ." संध्याकाळी पोरगा घरी आला की फोन मागून घ्यायचा, कुणाचे फोन येऊन गेले ते बघायचा. त्यात काही नसायचं. तरी बघायचा. शेजारची म्हातारी म्हणाली, पोरगी दिवसभर फोनात असते म्हणं. गावात एवढं पुरे असतं.

मी सूनबाईला बोललो. ती म्हणाली, "मामंजी, मी काय शिकू देत न्हाई व्हय? बसू द्या की तिला, कोण नको म्हणतं. घरातलं करून बसू द्या." तिचंही खोटं नव्हतं. ती सकाळी चारपासून राबते. घरात एक धडधाकट पोरगी आहे आणि ती हातात खेळणं घेऊन पत्र्याखाली बसली आहे, असंच तिला दिसत होतं.

एक दिवस मी कॉलेज बघून यायचं ठरवलं. गठ्ठ्यांचं निमित्त होतंच. घंटा झाली. घंटा अजून वाजत होती. वर्गात डोकावलो. इतिहासाचे सर फळ्यासमोर उभे, समोर टेबलावर काठीला लावलेला फोन, आणि बाकं सगळी रिकामी. सर त्या फोनाकडं बघून हातवारे करून शिकवत होते. मधेच म्हणाले, "समजलं का सगळ्यांना?" आणि जरा थांबले. मग "ठीक आहे" म्हणून पुढं गेले. तास संपल्यावर बाहेर आले, मला ओळखलं.

"सर, कुणाला शिकवून राहिले?"

"आत बावन्न जण आहेत, मामा."

"आत कुठं?"

त्यांनी फोन वर केला, बारीक हसले. मग हळूच म्हणाले, "फोन चालू करून शेतात जातात. मला माहीत आहे. पण हजेरी लागते त्यांची." घाम पुसत निघून गेले. मला त्या माणसाचा राग आला नाही. मी सुद्धा रिकाम्या दुकानात खळ शिजवून बसतो.

नातीनं उन्हाळ्यात दिलेल्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा निकाल लागला, त्यात एक विषय राहिला. इतिहासाचाच. हिरव्या कापडाचं पुस्तक आम्हा दोघांच्या मधे होतं.

तिसऱ्या वर्षाला पुसेगावचं स्थळ आलं. मुलगा सेनगावला खताच्या दुकानात. माणसं चांगली, शेती बरी, व्यसन नाही. नाव ठेवायला जागा नव्हती. मी म्हणालो, "तिचं बी.ए. होऊ द्या. मग एम.ए. दोन वर्षं. मग बघू."

पोरगा म्हणाला, "दादा, ते लोक शिकू द्यायला तयार हायत. फोनवरच तर हाय सगळं. इथं वाचती तशी तिथं वाचल."

"इथं तरी कुठं वाचती?"

"तुमीच तर म्हणला होता. इथं काय अन दिल्लीत काय. मग पुसेगाव तर जवळ हाय."

सूनबाई पदर तोंडाला लावून हसली. टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच तिला हसू आलं. मी ताटावरून उठलो. दोन दिवस जेवलो नाही. माझ्या न जेवण्याची घरात सवय आहे. जमिनीच्या मोजणीच्या वेळी मी चार दिवस जेवलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट सुचली आणि मी नऊची एसटी धरली.

प्राचार्य होते. यावेळी चहा आला नाही.

"सर, एक कागद पाहिजे. शिक्क्याचा."

"कशाचा?"

"लिहा की पोरीनं रोज कॉलेजात हजर राहणं सक्तीचं हाय. न्हाई राहिली तर परीक्षेला बसू देणार न्हाई."

त्यांनी चष्मा काढला. "असं कसं लिहू? तसा नियमच राहिला नाही. उलट घरी बसून शिकता येतं हीच आपली जाहिरात आहे. फाटकावर पाहिलं नाही का?"

"पाह्यलं."

"मुलींची तर फार सोय झाली, मामा. लग्न झालेल्या मुलीसुद्धा प्रवेश घेतात आता."

"त्याच्यामुळंच तर लग्न लावून राहिलेत सर. आधी कॉलेज हाय म्हणून पोरगी दोन वर्षं थांबायची. कॉलेजच घरी आलं, आता ती कशासाठी थांबणार?"

समजलं त्यांना. समजलेला माणूस कसा दिसतो ते मला कळतं. मग त्यांनी समोरच्या स्क्रीनकडं पाहिलं आणि म्हणाले, "मला खोटं लिहून देता येणार नाही."

मी आयुष्यात कुणापुढं हात जोडले नव्हते. कान धरणाऱ्या गुरुजींपुढं नाही, मोजणीच्या साहेबापुढं नाही. त्या दिवशी जोडले. दारात शिपाई उभा होता, त्यानं पाहिलं. प्राचार्य खुर्चीतून उठले, "अहो मामा, असं करू नका," म्हणाले आणि माझे हात खाली केले. पण कागद दिला नाही.

जाता जाता मी विचारलं, "अन माझे गठ्ठे?"

"कोणते गठ्ठे?"

शिपायानं बाहेर आल्यावर सांगितलं. दिवाळीच्या सुटीत कोठी रिकामी केली, भंगारची गाडी आली होती. मी कोठीत जाऊन बघितलं. झाडून घेतली होती. कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटली होती, छापल्यासारख्या अक्षरात, नऊ फर्मे. पुस्तकाचं नाव असलेला भाग फाटून गेला होता. उस्ताद असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करायला मी थांबलो नाही. ते काही म्हणाले नसते. त्यांनी मला दुकानात येऊ दिलं नसतं.

दुसऱ्या रविवारी नात ओट्यावर डाळ निवडत होती. मी समोर बसलो.

"आबा, तुमी सरांपुढं हात जोडले म्हणं."

"कोण म्हणलं?"

"शिपाईमामांची पुतणी माझ्या वर्गात हाय. तिनं फोन केला."

मी सुपातले दोन दाणे बोटानं बाजूला सारले.

"जोडायचे न्हवते," ती म्हणाली. सुपात एक खडा सापडला, तो तिनं बाहेर टाकला. "मी वाचीन तिकडं."

"तिकडं रेंज हाय का?"

"हाय म्हणतात."

"मग वाच."

तिकडं वाचणं व्हायचं नाही, हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. ती सूप घेऊन आत गेली. तिच्यापुरता विषय तिनं संपवला, माझ्यासाठी. मी मात्र हट्टी माणूस; मला वाटत राहिलं अजून काहीतरी सुचेल. नाही सुचलं. माझ्यापाशी जे होतं ते उसवायचं आणि शिवायचं, आणि त्यातलं एकच माझ्या हातून झालं होतं.

माघात सुपारी फुटली. पुसेगावची दहा-बारा माणसं आली. सतरंज्या घातल्या, नारळ झाले, साडी झाली. नात खाली मान घालून बसली होती आणि फार शांत दिसत होती. कुणीतरी तिचं शिक्षण विचारलं. मुलाच्या मामानं उत्तर दिलं, "ऑनलाइन चालू हाय." सगळ्यांनी मान डोलावली. त्या शब्दानं सगळ्यांचं समाधान झालं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला पान दिलं, मी घेतलं. बाकीची माणसं जीपमधून परत गेली. मुलाचे वडील राहिले, त्यांना सकाळी नांदेडला दवाखान्यात जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना एसटीच्या थांब्यावर पोचवायला गेलो. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण गुडघ्यानं चालायला त्रास, म्हणून आम्ही हळू चाललो. वाटेत केळीच्या बागा बघून त्यांनी पाण्याचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "आबा, पोरीचं शिक्षण आमी बंद करणार न्हाई. लग्नात नवा फोन घेऊन देणार हावोत. चांगला, मोठ्या काचेचा."

मी म्हणालो, "बरं."

गाडी आली. त्यांना पायरी चढायला तकलीफ होत होती. मी खालून हाताला आधार दिला, मग त्यांची पिशवी उचलून वर दिली आणि कंडक्टरला सांगितलं, पाहुण्यांना पुढं बसायला जागा दे.